अंगठ्याची जागा

लेक : मग ही सगळी अजून फ्रिजमध्ये कशी? दुधाच्या पातेल्यामागे लपवून ठेवलीयस.

आई : लपवली नाहीत. मागे गेली असतील.

लेक : इंजेक्शनची पेनं आपली आपण मागे जात नाहीत, आई. बाबा गेल्यापासून तू एकही घेतलेलं नाहीस. आणि फोनवर दर शुक्रवारी मला ‘घेतलं गं, घेतलं’!

आई : आल्या आल्या झडती सुरू. आधी बस तरी. चहा टाकते.

लेक : चहा मी टाकते. तुला पातेलं उचलवत नाहीये, मघाशीच बघितलं मी. बोटं बघ कशी सुजलीत.

आई : ते बटण दाबलं जात नाही गं. एवढं कडक! मी काय पैलवान आहे?

लेक : माहितीये. म्हणून तर हे आणलंय. डॉक्टरांशी बोललेय मी. औषध तुझं तेच, पेन तेवढं नवं. आमच्या कंपनीत केलेलं.

आई : तू केलंस?

लेक : बरेच जण होतो. पण चाप माझा.

आई : बघू. अगं, याला बटण कुठंय?

लेक : नाहीचे. आधी बटणच हलकं करत बसले होते मी. इतकं हलकं केलं की आमच्यातल्या एकाच्या खिशातच सुटलं. त्याने जी उडी मारली!

आई : अरे देवा. टोचलं?

लेक : रिकामं होतं, पण साहेबांनी मला फैलावर घेतलं. कडक ठेवावं तर तुझ्यासारख्यांना दाबवत नाही, हलकं करावं तर भलतीकडेच सुटतं. शेवटी बटणच काढून टाकलं. आता टोपण काढायचं, मांडीवर टेकवायचं आणि शिक्का मारतो तसं खाली दाबायचं. तोंडाशी ही कडी आहे ना, ती आत सरकली की सुटतं. बोटांना कामच नाही. मुठीत धरलं तरी चालतं.

आई : हुशार आहेस.

लेक : कौतुक नंतर. हे सरावाचं आहे, यात सुई नाही. धर बघू. हं, अस्सं. आता दाब. दाब ना.

आई : धरलंय की.

लेक : धरलंयस, पण दाबत नाहीयेस. आणि अंगठा असा बाजूला काय काढून ठेवलायस?

आई : सवय.

लेक : कसली सवय?

आई : वरची जागा ह्यांची होती. मी नुसतं धरायची. माझ्या मुठीवर हात ठेवायचे आणि अंगठ्याने दाबायचे ते.

लेक : म्हणजे तू स्वतः कधीच दाबलं नाहीस?

आई : पहिल्यांदा प्रयत्न केला होता. नाही जमलं. तर म्हणाले, सरक जरा. ते बसले ते बसलेच मग शेजारी, दर शुक्रवारी. आणि नुसते दाबतील तर शपथ! आधी खोडी काढायची. ‘तुझा भाऊ येतोय म्हणे महिनाभर राहायला. बायकोसकट.’ मी तणतणायची, माझ्या भावाने तुमचं काय घोडं मारलंय म्हणून. तोवर इकडे टिक! झालेलं असायचं.

लेक : आणि तू दर वेळी फसायचीस?

आई : फसायला बरं वाटायचं. लोकांना टोचून घ्यायचा कंटाळा. मला वाटायचं, आठवड्यातून एकदाच का, रोज का नाही?

लेक : मला कधी बोलली नाहीस हे.

आई : नवरा हात धरतो, हे काय लेकीला सांगायचं असतं?

लेक : मला फोनवर म्हणायचे, ‘तुझं ते पेन लवकर कर बाई, माझा अंगठा कामातून गेलाय.’ मी हसण्यावारी न्यायची.

आई : दुखायचा खरंच. मला दाखवायचे नाहीत, पण शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला लागले होते. मी बघत होते ना.

लेक : तुझी बोटं डोळ्यांसमोर ठेवून केलंय मी हे. वाटायचं, आईला कुणावर अवलंबून राहायला लागू नये.

आई : चांगलंच केलंस. पण बघ ना, यात दुसऱ्याच्या अंगठ्याला जागाच ठेवली नाहीस.

लेक : एकट्या माणसासाठीच आहे ते, आई.

आई : हं. आण ते खरं इकडे.

लेक : मघाशीच बर्फाच्या डब्यातून बाहेर काढून ठेवलंय. गार असलं की जास्त झोंबतं.

(आई टोपण काढते. पेन मांडीवर टेकवते. थांबून राहते.)

लेक : आई, मामा येतोय म्हणे. महिनाभर. मामीसकट.

आई : तुला नाही जमत गं. बोलता बोलता रडायला येतं तुला.

लेक : मग काय म्हणू?

आई : काही नको म्हणूस. बस नुसती इथे. मी आपलं हे असं टेकवलं आणि... अगं, झालं?

लेक : झालं. धरून ठेव अजून थोडं. पेनावरची ती छोटी खिडकी पूर्ण पिवळी झाली की काढ.

आई : मला कळलंच नाही.

लेक : कळू नये म्हणून तर एवढी खपले.

आई : शाबास. हे असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.

लेक : पुढच्या शुक्रवारी मी नसेन, आई. एकटीला जमेल ना?

आई : जमेल गं. त्याचंच तर वाईट वाटतंय.