मधली गाळली तर काय?

…नाही, पण तुम्हीच सांगा, कॉम्प्युटर क्लासच्या परीक्षा तीन, पहिली, मधली आणि शेवटची, त्यातली मधली गाळली तर काय आभाळ कोसळतं? जो तो मलाच समजावायला बसलाय! आमचा गोमाजीकाका, ज्याने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नाही, तोसुद्धा जाळं विणता विणता म्हणतो, "धाकू, पायरी चुकवू नको रं पोरा." अरे काका, तुला पायरी म्हटलं की देवळाचीच माहिती!

तुम्हाला सांगतो, घाई मला हौस म्हणून नाही. माझा दादा, गुणाजी, कावीळ होऊन गेला. दोन महिने झाले. खाडीत मासा उरला नाही म्हणून होडी सोडून हा डोंबिवलीच्या क्लासला नेटवर्किंग शिकायला गेलेला, नि ठाण्याच्या एका ऑफिसात कामालाही लागलेला. तिथल्या प्रमोदिनी मॅडम भल्या बाई, घरी आल्या, आयेचा हात धरून म्हणाल्या, "आवडाबाई, गुणाजीची जागा मी महिनाअखेरपर्यंत अडवून धरते. आता शेवटची परीक्षा झालेलाच माणूस हवाय, धाकूने ती दिली तर त्यालाच घेईन." महिनाअखेर म्हणजे कधी? येता सोमवार! आता सोमवारच्या आत दोन परीक्षा कोण देणार? मी आठवी नापास माणूस! म्हणून म्हणतो, मधली गाळली तर काय?

गेलो तरातरा डोंबिवलीला. क्लासचे चांगदेव सर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज असा की कोणी झोपलंय नि उठवायचं नाही… "हे बघ धाकू, मधल्या परीक्षेशिवाय शेवटचीतलं काही कळणार नाही." म्हटलं, सर, कळायचं कशाला? पास व्हायचंय! "बरं, ह्या दोन वायरी जोडून दाखव." एवढंच ना? आमच्या सात पिढ्या गाठी मारत आल्या! दोन टोकं घेतली, जाळ्याला मारतो तशी गाठ मारली, उरलेलं टोक दातांनी तोडलं, नि म्हटलं, ओढा सर, दोघंजण ओढा, होडी बांधली तरी सुटायची नाही!

सरांनी ओढली. नाही सुटली.

"आता कॉम्प्युटर लाव."

लावला… ढिम्म! सर गाठीकडे बघतायत, मी सरांकडे बघतोय. "धाकू, आत आठ तारा असतात. रंग बघून एकेक बसवायची असते. हे मधलीतसुद्धा नाही रे, पहिल्या परीक्षेत येतं!"

म्हटलं, पहिली झालीय की!

"कोणाची?"

आमची! नि खिशातून काढलं सर्टिफिकेट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलेलं. सरांनी वाचलं. चष्मा काढला. "धाकू… हे गुणाजीचं आहे."

मग? आमच्यात होडीचा कागद बाबांच्या नावावर होता, बाबा गेले, दादाच्या नावावर आला, दादा गेला, माझ्या आला. कोणी विचारलं मला, पोहायची परीक्षा दिलीस का म्हणून? आये तर म्हणालेली, "दादाचं समदं आता तुझंच." चप्पल आली, सायकल आली, आणि पास तेवढा येत नाही? हा कुठला न्याय हो?

सरांनी सर्टिफिकेट परत पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. मग हळूच म्हणाले, "खरं सांग. मधलीच का गाळायचीय तुला?"

आता काय सांगू? मधल्या परीक्षेचं दादाचं पुस्तक आमच्याच घरी आहे. तो वाचायचा तशी ओळीखाली पेन्सिल ओढायचा. एकशे चौदाव्या पानापर्यंत ओढलीय. अर्ध्या ओळीपर्यंत! पुढे कोरं. मी तिथवर जातो नि पुस्तक मिटतो. रोज. ते पान उलटलं की दादाच्या पुढे जाईन ना मी! कधी गेलेलो का पुढे? होडीतसुद्धा तो पुढे नि मी मागे… म्हणून म्हणतो हो, मधली गाळली तर काय?

सर उठले, आतून पहिल्या परीक्षेचं पुस्तक आणलं. दादाचंच, क्लासमध्ये राहिलेलं. "ह्यात शेवटच्या पानापर्यंत पेन्सिल आहे. तो पुढे, तू मागे. कर सुरू. प्रमोदिनीबाईंना मी फोन करतो."

फोन केला. बाई म्हणाल्या म्हणे, सोमवारच्या पुढे जागा नाही धरता यायची, मंगळवारी दुसरा माणूस येतोय. गेली नोकरी! मी तिथेच मटकन बाकावर बसलो, कोणाला शिव्या द्याव्यात तेही सुचेना, म्हणून रागारागाने पुस्तक उघडलं… तर पहिल्याच पानावर दादाचं अक्षर, मोठ्ठं, खाली दोन रेघा मारलेलं:

"धाकूने ह्या पुस्तकाला हात लावू नये. मासळीचा वास येतो."

काय करणार? उठलो, नळावर गेलो, साबणाने हात धुऊन आलो, नि बसलो पहिलीला.