विठ्ठलरावांचे शेततळे

मत्सर माणसाला कुठवर नेतो, ते मी मानवतजवळच्या एका बांधावर पाहिले. हवामान बदलाच्या सरकारी योजनेतून विठ्ठलरावांना शेततळे मिळाले आणि त्यांचे शेजारी, चुलतभाऊ मारुतराव, यांची झोप उडाली. तक्रार करून त्यांनी कृषी सहायकांना शेतावर आणले.

“साहेब, तळं गळायलंय. पाणी वाया चाललंय. बुजवून टाका.”

सहायकांनी तळे पाहिले. मग उतारावरची मारुतरावांची विहीर पाहिली. भर वैशाखात ती निम्मी भरलेली होती.

“मारुतराव, तळ्यात मुरलेलं पाणी तुमच्याच विहिरीत उतरतंय. बोला, बुजवू?”

मारुतरावांनी विहिरीत डोकावून पाहिले. आता तरी देव सुबुद्धी देईल, असे मला वाटले.

“ऱ्हाऊ द्या,” ते हळूच म्हणाले, “पण इठ्ठलला सांगू नका साहेब. लय जळतो माज्यावर. उद्याच तळ्यात प्लास्टिक अंथरील.”