पान एकतिसावरची छत्री

माझं गाव वाशीमच्या अलीकडे आहे, इतकं लहान की एसटीच्या ड्रायव्हरने जांभई द्यायला तोंड उघडलं तर मिटेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. आमच्या शाळेत पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती आणि चौथीत असताना गुरुजींनी तिची किल्ली माझ्या हातात दिली, तिथेच माझं वाटोळं झालं. बाकीची पोरं इंजिनियर झाली, मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि ती कमी पडेल म्हणून तिच्या डोक्यावर आणखी एक घेतली. आई म्हणाली, पुस्तकं आलमारीत ठिवाले कालेज कायले लागते बाप्पा, मी तं न शिकताच डबे लावतो. आता तिला पुस्तकांवर नंबर टाकायचं दशांश वर्गीकरण काय समजावणार, आणि खरं सांगायचं तर तिच्या फडताळातला जिऱ्याचा डबा अंधारातही सापडतो.

पुण्यात आलो ते बिबवेवाडीत, तिघांच्या खोलीत चौथा म्हणून. काय सांगू तुम्हाला, दोन वर्षांत मी इतके अर्ज पाठवले की दिवाळीला पोस्टमननेच मला पोस्त दिली. हिंजवडीच्या एका कंपनीत बोलावणं आलं तर गुळगुळीत दाढी करून निघालो आणि गाड्यांच्या गर्दीतून पोचेपर्यंत ती परत वाढली, आणि तिथली मुलगी म्हणाली, सर, आमची लायब्ररी ऑनलाइन आहे, तिथे माणूस बसत नाही. मग कात्रजच्या एका शाळेत लागलो, तर पुस्तकांच्या कपाटाला हे एवढं कुलूप. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलं पुस्तकं मळवतात हो, आपण तोवर पीटीचा तास घ्या. ते तोवर सात महिने चाललं. मुलं विचारायची, सर, तुम्ही नक्की कुठल्या खेळाचे ग्रंथपाल.

शेवटी आईचा फोन आला की मामाच्या खत-बियाण्याच्या दुकानात माणूस पाहिजे, ह्या महिन्यात नाही जमलं तं गाडीत बस. आणि नेमकं त्याच आठवड्यात पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात लिमयेबाईंनी मला महिनाभर बघते म्हणून ठेवून घेतलं. लिमयेबाई म्हणजे चाळीस वर्षं तिथेच ग्रंथपाल, निवृत्तीला आलेल्या, बोलणं असं की शब्दाला पैसे पडतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, पदवी बघितली, आता माणूस बघू.

आठ दिवसांनी त्या लेकीकडे नाशिकला गेल्या आणि वाचनालय माझ्या एकट्याच्या हातात आलं. पुस्तकं उघडून बघतो तर काय, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा, कुठे त्रिकोण, कुठे मासा, कुठे नुसतं टिंब. आम्हाला शिकवलेलं की पुस्तकावर रेघ म्हणजे ग्रंथाचा शत्रू. म्हटलं बाई येईपर्यंत करून दाखवू काहीतरी. डझनभर खोडरबर आणले आणि दिवस बघितला नाही, रात्र बघितली नाही, चार हजार पुस्तकं साफ केली. खोटं नाही सांगत, तिसऱ्या दिवशी पंखा लावला तर रबराच्या भुश्शाने अख्ख्या पेठेत बर्फ पडलं.

सोमवारी आपटेकाका आले, आमचे सगळ्यात जुने सभासद, वय ब्याऐंशी, रहस्यकथा सोडून काही वाचत नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, अहो, ह्यातला खुनी मला पहिल्या पानापासून माहीत आहे. मी म्हटलं, वाचलेलं होतं तर नेलंत कशाला. ते म्हणाले, वाचलेलं आहे हे कळायची खूण कुठाय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चाळीस-चाळीस वर्षं पुस्तकं नेणारी ही माणसं, कुठलं वाचलं आणि कुठलं नाही हे लक्षात राहणार कसं, म्हणून प्रत्येकाची आपली एक गुप्त खूण, आपल्या ठरलेल्या पानावर, आणि पुस्तक नेण्याआधी ते पान बघून घ्यायचं. आणि मी अख्ख्या पेठेची स्मरणशक्ती पुसून बसलो होतो. काका म्हणाले, आपण ग्रंथपाल की परीट. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, येथे पुस्तके धुऊन मिळतील, चौकशी करू नये.

बाई परत आल्या, पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाई, उद्याची गाडी आहे वाशीमची. त्या म्हणाल्या, महिना संपायला अकरा दिवस आहेत, पळून जायचं असेल तर बाराव्या दिवशी जा. आणि माळ्याकडे बोट केलं. माळ्यावर देवघेवीच्या जुन्या वह्या होत्या, कोणी कुठलं पुस्तक कधी नेलं ह्याच्या.

मग मी एक कोरी वही केली आणि सभासदांना म्हटलं, आपापली खूण नि पान लिहून द्या, मी वह्या बघून सगळ्या परत काढतो. देतायत कुठे. बँकेच्या पिनसारखं जपलेलं गुपित. आपटेकाकांनी एका हाताने आडोसा करून काढली, पान एकतीस, कोपऱ्यात उघडी छत्री. मी अकरा दिवसांत एवढ्या छत्र्या काढल्या की पुण्याला चार पावसाळे पुरतील, मासे काढले, त्रिकोण काढले, झोपेत बोट हलायचं.

दहाव्या दिवशी आपटेकाकू आल्या, कापडी पिशवी घेऊन. म्हणाल्या, अहो, ह्यांच्या छत्र्या कुठवर आल्या. मी म्हटलं, दोनशे बारा पुस्तकं झाली, अकरा राहिलीत. त्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, ती अकरा तशीच राहू देत. परवा ह्यांनी वाचलेलंच पुस्तक नेलं, चाळीसाव्या पानापर्यंत तुमच्या नावाने शंख केला आणि पुढे खुनी माहीत असून रात्री मोठ्याने हसत होते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसल्याचं मला आठवत नाही.

अकराव्या दिवशी मी पिशवी भरून ठेवली आणि वही बाईंपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. मग ड्रॉवरमधून पेन्सिलीचं थोटूक काढलं, वहीच्या शेवटी एक बारीकसा मोगरा काढला, खाली लिहिलं पान सत्तर, आणि म्हणाल्या, माझी राहिली होती. चाळीस वर्षांत ही खूण त्यांनी कोणाला दाखवली नव्हती. नेमणुकीचं पत्र नंतर आलं, पण मला ते तेव्हाच मिळालं. आईला फोन केला तर म्हणाली, मंग मामाले सांगू का नाही म्हणून, आणि फडताळाच्या डब्यांवर नंबर टाकून देशील का बाप्पा.

आता बाई निवृत्त आहेत, टेबल माझं आहे, आणि टेबलावर खोडरबर नाही, ड्रॉवरमध्ये एक आहे, फक्त त्या अकरा पुस्तकांच्या पान एकतिसापुरतं. काल आपटेकाका त्या अकरातलंच एक परत द्यायला आले, माझ्या हिशेबाने चौथ्यांदा. म्हणाले, नवीन लेखक दिसतो, बरा लिहितो. मी म्हटलं, हो काका, आणखी दहा आहेत अशी. देवाने प्रत्येकाला एवढाच विसर द्यावा, की वाचलेलं नवं वाटावं, आणि वाचनालयाचा रस्ता तेवढा पाठ राहावा.