फक्त पंखा आणि दिवा

…आणि वर घरचे मलाच म्हणतात, "तू नीट चौकशी करायला हवी होतीस." मी? तीन दुकानं पालथी घातली कुणी? प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून, डबा खाण्याच्या सुट्टीत बॅटऱ्यांची माहितीपत्रकं वाचली कुणी? आणि चौकशीचं म्हणाल तर विचारलं होतं मी. एकेकाला समोर बसवून विचारलं होतं.

तुम्हाला सांगते, हा सगळा खटाटोप सासऱ्यांसाठी. बाबांना दमा. दिवसातून तीनदा वाफेचं मशीन लागतं, तोंडावर मास्क लावायचा, दहा मिनिटं घरघर, की माणूस मोकळा. पण मशीनला लागते वीज, आणि आमच्याकडची वीज म्हणजे रुसूबाई, कधी उठून जाईल नेम नाही. म्हणून म्हटलं काहीतरी सोय करू. जनरेटर बघितला, तर त्याचा धूर… दम्याच्या माणसाला धूर म्हणजे आगीतून फुफाट्यात. सोलर म्हणावं तर गच्ची सगळ्या इमारतीची, आणि सगळ्या इमारतीचं एकमत व्हायचं म्हणजे… जाऊ द्या. राहिला इन्व्हर्टर. दुकानदार सरळ माणूस. म्हणाला, "ताई, काय काय चालवायचंय ते लिहून आणा. त्यावरून माप ठरतं. जास्त ओढलंत तर टीं टीं करून बंद पडणार."

मग वही घेऊन बसले. नवरा म्हणाला, "मला काय, एक पंखा." सासूबाई म्हणाल्या, "मला तर तोही नको, खिडकी आहे." लेकीनं मोबाईलमधून मान न काढता सांगितलं, "एक दिवा." आणि बाबा, आवाज अगदी बारीक करून, "सूनबाई, मशीन तेवढं चालू दे. म्हाताऱ्याला आणखी काय हवं?" मी विरघळले हो. त्या मापाचा इन्व्हर्टर घेतला, वायरमनच्या हातात यादी दिली आणि कामावर गेले. तिथंच चुकलं.

आठवड्यानं, दुपारी चारला, वीज गेली. बाबांची छाती वाजायला लागलेली. मी म्हटलं, "घाबरू नका बाबा, आता आपलं आपल्याकडे आहे." ऐटीत मास्क लावला, बटण दाबलं. दोन घोट वाफ आली नि टीं टीं टीं… बंद. परत चालू केलं, परत टीं टीं. बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले. मशीन काखेत मारलं, बाबांना दंडाला धरलं आणि समोरच्या काकूंच्या घरात घुसले. त्यांचा इन्व्हर्टर जुनाट, पण चालला बिचारा. दहा मिनिटांनी बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांना आणताना धरलेली बाही तेवढी गरम लागली होती. म्हटलं ताप भरला की काय.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. म्हटलं, हे कसलं काम? तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "ताई, यादीत होतं ते केलंच. मग बाकीच्यांनी सांगितलं ते पण केलं."

बाकीच्यांनी?

नवरोबांनी हळूच माशांच्या टाकीचा पंप जोडून घेतलेला. सासूबाईंनी फ्रिज. "दूध नासतं गं," म्हणे. लेकीनं केस सरळ करायचं यंत्र. विचारलं होतं ना मी? समोर बसवून विचारलं होतं ना?

"आणि सगळ्यात जास्त ओढते ती इस्त्री. ती चालू राहिली की मशीन बंद पडणारच," वायरमन म्हणाला.

इस्त्री कुणाची? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबा तेवढे खिडकीबाहेर बघत होते. कडक कॉलर, बाहीला सुरीसारखी घडी… आणि मला ती गरम बाही आठवली.

"बाबा, तुम्ही?"

"अगं, चुरगळलेल्या सदऱ्यात मला श्वास घेतल्यासारखंच वाटत नाही."

आता या माणसाला काय बोलणार? ज्याच्यासाठी मी सगळ्या घराशी वाईटपणा घेतला, त्यानंच वायरमनला चहा पाजून फितवलं. संध्याकाळी बाबा स्वतः स्वयंपाकघरात आले, म्हणाले, "काढून टाक इस्त्री. तुझा जीव घाबरला, ते मला दिसलं." मग मीच म्हटलं, राहू द्या, वीज असताना करत जा.

तरी मोठा इन्व्हर्टर घेऊ म्हणून परत त्या दुकानात गेले. झालेलं सगळं सांगितलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक सांगतं त्याच्या दुप्पट आम्ही कायम धरतो."

मी म्हटलं, "मग माझ्या वेळी का नाही धरलं?"

"धरणार होतो. पण तुम्हीच म्हणालात, आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही."