वापरणारे शून्य

तुमी हसाल, पण चालू कॉम्प्युटरमधून ड्रायव्हर, म्हंजी एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, काढायचा मला लई माज होता. सलीमभाईंचं दुकान बाळापुरात, मी डोंगरकड्याला घरी. त्यांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरचं वायफाय सारखं अडखळून राहिलं होतं. म्हणलं, घरूनच नेटवरून मशीनमधी शिरतो आन् करून देतो.

"बंद करून चालू करू का?" सलीमभाईंनी फोनवर विचारलं.

"काहून? बाजाराचा दिवस, दुकानात गिऱ्हाईक. केर्नल, म्हंजी मशीनचा गाभा, चालूच ठेवून वायफायचा मोड्यूल, म्हंजी त्याचा ड्रायव्हर, तेवढा काढायचा, लगेच परत घालायचा. कुणाला कळणार बी न्हाई."

"आन् कुणी वापरून राहिलं असंल तर?"

"मी काय अडाणी हाय का? आधी तपासतो."

तपासलं. मोड्यूलच्या यादीत त्याच्यापुढं लिहिलेलं, वापरणारे शून्य. बिनधास्त काढला.

मग परत घालायची कमांड टाकली, तर स्क्रीन ढिम्म. एंटर दाबून दाबून बोट दुखलं.

"मास्तर, नेटच गेलं की!"

"असं कसं? कुणीच वापरत नव्हतं. मी बराबर तपासलं."

"मग तुमी आत कशावरून शिरलते? वायफायवरूनच ना?"

मी गाडीची किल्ली घेतली. त्या मशीनपर्यंत जायला आता डांबरी रस्ताच उरला होता.