आढ्यावरचा शर्ट

सर्बियातल्या पिरोत शहराकडे जाणारी बस यायची होती. थांब्यावर माझ्या शेजारी एक म्हातारे मिस्त्री आणि त्यांची शहरात राहणारी भाची यागोदा बसली होती. गावातलं एक पडकं घर दोघं नुकतंच बघून आली होती.

"मामा, खरं सांगा, घर घेतलं तर डागडुजीला किती लागतील?"

"भिंतींच्या गिलाव्याला दोन हजार युरो. छप्पर मात्र अख्खं नवं. सहा हजार."

"सहा? मघाशी तर म्हणालात, वासे ठणठणीत आहेत, फुटकी कौलं बदलली की झालं!"

"म्हणालो असेन."

"मग वाटेत काय बिघडलं?"

"यागोदा, कौलं बदलणाऱ्याला कुणी शर्ट देतं का? नवं छप्पर चढलं की घरमालकीण मिस्त्रीला शर्ट देते आणि तो आढ्यावर बांधतात."

"अहो, शर्ट उद्याच घेते तुम्हाला! सहा हजार कशाला घालवू?"

"कपाटातला शर्ट गावाला दिसतो होय?"

"गावाला काय दाखवायचंय?"

"तुझी मामी सांगत सुटलीय, याला आता शिडी झेपत नाही म्हणून."

बस आली. पायरी चढता चढता भाची वळली.

"कौलंच बदलायची. पण शर्ट आढ्यावर तुम्हीच बांधायचा. रंग कुठला आणू?"

"लाल! मामीच्या खिडकीतून दिसला पाहिजे."