आईचा रकाना

हॅलो? … हॅलो, अंजू? … थांब, टीव्हीचा आवाज कमी करतो. … न्हाई गं, पाहत न्हाई. नुस्ता लावून ठेवतो, घरात कोणी बोलल्यावाणी वाटतं.

हां, बोल. दिल्लीत पोहचली ना बराबर? … रूमवर कोण हाय संगं? … कोणीच न्हाई? मंग दाराला कडी लाव.

आवाज लांबून येऊन राह्यला तुहा. … स्पीकरवर ठेवलाय? का बरं? … हां, कानाची तपासणी हाय म्हणून. बरं केलं. मी मोठ्यानं बोलतो.

उद्याच ना पायलटचं मेडिकल? … उपाशीपोटी रक्त. पाणी तर चालतं ना? … अन् ते रंगीत ठिपक्यातले आकडे? … मोबाईलवर पाह्यले? सगळे दिसले? दिसणारच. चार वावरं लांबून आपली मेंढी वळखायची तू.

मी? जेवलो की. … सकाळची भाकर होती. … हो, हो… अगं एकट्यासाठी किती थापू? तू मही काळजी सोड. फॉर्म भरला का?

… मही शुगर? काल भोकरदनला जाऊन तपासून आलो ना. शुगर न्हाई, बीपी बी न्हाई. कंपाउंडर म्हणला, राधाकिसन मामा, पोरीला ऱ्हाऊ द्या, तुम्हीच इमान चालवा. … हसली. हास, हास.

… आईचं?

न्हाई, हाय मी. हाय लाइनवर.

लिही ना, नदीवर पाय घसरून गेली. … तुला ठाऊकच हाय की. सहा वर्षांची होती तू. … हो अगं, पाय घसरला. … त्याच्यात काय इचारलंय? वाच बरं. … मराठीत सांग ना. … घरात कोणाला… फेफरं…

अंजू. रूमवर कोणीच न्हाई म्हणली ना तू?

ऐक मंग. मधात बोलू नको. मधात बोलली तर मला जमायचं न्हाई.

तुह्या आईला फेफरं यायचं.

… हो. बायनाला. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात पहिल्यांदा पाह्यलं मी. मही आई म्हणली, पोरीला माहेरी नेऊन घाल. म्या न्हाई घातली. पण घरात ठरलं, बाहेर कोणाला सांगायचं न्हाई. केशर आत्याला बी सांगितलं न्हाई आजवर.

… गोळ्या होत्या ना. भोकरदनच्या एका डॉक्टरच्या. मीच आणायचो, धोतराच्या घडीत लपवून. रोज दोन. गोळ्या चालू असल्या का बिलकुल ठीक असायची. तुला पाठीवर घेऊन कापूस येचायची.

… थांब, सांगतो. त्या साली मी मेंढरं घेऊन बदनापूरकडं गेल्तो. वीस दिवस म्हणून गेलो अन् महिना लागला. इकडं गोळ्या सरल्या. … अगं कोणाला सांगणार? कोणाला म्हणणार ती, भोकरदनहून आणून द्या म्हणून? कशाच्या गोळ्या, असं इचारलं असतं ना लोकायनं. मह्या आईनंच बजावलं होतं. म्या बी बजावलं होतं.

धुणं धुवायला गेल्ती. घोट्याएवढं पाणी होतं, अंजू. घोट्याएवढं.

… … …

हॅलो? … हाय ना? … रड. रड, मी थांबतो.

… न्हाई. तुला एकदा बी न्हाई आलं. देवाशपथ. दोन वर्षं मी तुह्या उशाशी बसून ऱ्हायलो. तू झोपेत हात हलवला तरी मी उठून दिवा लावायचो. … म्हणून तर. तुला वाटायचं बापाला झोप येत न्हाई.

कोण म्हणलं? … तुही मैत्रीण? … असले रकाने कोरे सोड म्हणली होती फोनवर? … हो, बरोबर हाय तिचं. कोणालाच कळणार न्हाई. तुही आजी गेल्यावर गावात ठाऊक असणारा मी एकटा, अन् मी काय दिल्लीला येऊन सांगणार न्हाई.

… तुला काय वाटतं? … … हो. … हो, मला बी भ्याव वाटतं. पाच वर्षं अभ्यास केलाय तू, मला ठाऊक न्हाई का? … नापास केलं तर केलं. … न्हाई, सोपं न्हाई. सोपं कुठं म्हणलो मी?

पण लपवलं नसतं तर कोणी बी गोळ्या आणून दिल्या असत्या तिला. केशर गेली असती. शेजारचा कचरू सायकलवर गेला असता. दहा मैलाचं काम व्हतं, पोरी.

लिही तू.

… हो, डॉक्टरची चिठ्ठी हाय. पेटीत हाय, पिवळी पडलीय. सकाळी फोटो काढून पाठवतो. … इचारू दे ना. जास्तीची तपासणी करू दे, डोक्याला तारा लावू दे, काय लावायचं ते लावू दे. तुला काही न्हाई, तर मशीन काय दाखवणार?

… लिहून राह्यली का? … बरं. लिही. मी बोलत न्हाई.

… … …

झालं? … वाच बरं, काय लिहिलं. … इंग्रजीतच वाच, चालतं.

… हां. … हां.

… न्हाई, काही न्हाई झालं. आवाज तसाच हाय महा. अगं, बारा वर्षांत तिचं नाव कोणी घेतलं न्हाई ह्या घरात. 'पोरीची आई' म्हणत्यात सगळे. मी बी तेच म्हणायला लागलो होतो.

… झोप तू आता. सकाळी लवकर उठायचंय. … हो, ठेवतो. … अंजू, ऐक ना. ठेवायच्या आधी अजून एकदा वाच. … सगळं नको. नुस्तं नाव वाच.

…

बरं. ठेव आता.